दोन होले आणि एक पेला

पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, लेवीयचं पुस्तक कुणी आवडीनं वाचत नाही. मीही वाचत नव्हते. कोणतं जनावर खायचं, कोणतं नाही, घराच्या भिंतीवर डाग उठले तर काय करायचं, कोणत्या पापाला बैल आणि कोणत्या पापाला बकरा. आताची पोरं ते पुस्तक ओलांडून पुढे जातात. आमच्या घरात ओलांडायची सोय नव्हती. सासऱ्यांनी नियम घालून दिला होता की दिवा लागला की एक अध्याय वाचायचा, ओळीनं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आणि संपलं की परत पहिल्या पानापासून. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले. नियम सासूनं चालू ठेवला. तिला अक्षर येत नव्हतं. माझी चौथी झालेली, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं, जसं पाणी भरायचं आलं तसंच. मी वाचायचे, पण ऐकायचे नाही. माझं लक्ष चुलीवरच्या डाळीकडे असायचं. ऐकायची ती सासू.

आमचं गाव पहूरच्या पुढे, वाघूर नदीच्या अंगाला. आमची वस्ती गावाच्या बाहेर, नाल्यापलीकडे. आजोबा-पणजोबांच्या काळात आम्ही ख्रिस्ती झालो, पण वस्ती होती तिथंच राहिली. गावच्या विहिरीवर आमची घागर चालत नव्हती. स्टँडजवळच्या हॉटेलात आमच्यासाठी दोन कपबशा वेगळ्या, बाहेर खिळ्याला टांगलेल्या. आपणच उतरवायच्या, आपणच विसळायच्या. हे त्या काळी सगळ्यांना माहीत होतं. मी सांगते ते अशासाठी की पुढची गोष्ट कळावी.

माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे माझे जेठ, आणि त्यांची बायको, माझी जाऊ. तिला मी अक्का म्हणायचे. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात अक्काच्या गालावर तांबडा चट्टा आला. मग उजव्या कानाची पाळी जाड झाली. भाकरी थापताना तव्याला हात लागायचा आणि तिला कळायचं नाही. मांस भाजल्याचा वास यायचा तेव्हा आम्हाला कळायचं. जेठांनी तिला धुळ्याकडच्या दवाखान्यात नेऊन ठेवलं. महारोग. शब्द कुणी उच्चारला नाही, पण त्या दिवसापासून आमच्या घरी कुणी चहा प्यायला आलं नाही.

ती बरीच वर्षं तिकडे राहिली. गोळ्या खाल्ल्या, शेतात काम केलं, तिथं शिवण शिकली. मग डॉक्टरांनी सांगितलं की रोग गेला, आता हिच्यापासून कुणाला काही होणार नाही, घरी न्या. जेठ गेले आणि घेऊन आले. धुळ्याहून जळगाव, जळगावहून पहूर, एसटीनं. पहूरपासून पायी, कारण बैलगाडीवाल्यानं तिच्या हाताकडे बघून गाडी पुढे हाकली.

ती वस्तीच्या तोंडाशी आली तेव्हा सासू नाल्याच्या अलीकडे उभी होती. सासूचं माहेर धुळ्याच्या बाजूचं. जन्मभर इकडे राहूनही तिनं आपली अहिराणी सोडली नाही.

"तठेच थांब, माय," ती म्हणाली. "पुढे नको येऊ."

जेठ म्हणाले, "ती बरी झाली. डॉक्टर म्हणतात."

"डॉक्टर म्हनतस. शास्त्र काय म्हनस? महारोगी छावनीना बाहेर. लिखेल शे."

जेठ भांडले. अक्का भांडली नाही. ती म्हणाली, "मला बसू तर द्या कुठंतरी. पाय दुखतात." तिच्या उजव्या पायाचा अंगठा गेलेला होता. हे आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तिला शेताच्या कडेच्या खोपीत ठेवलं. आमची ती दीड-दोन बिघ्याची कोरडवाहू जमीन, तिथं कापसाच्या दिवसांत राखणीला बसायची खोपी होती. सासू दुष्ट नव्हती. सकाळ-संध्याकाळ ती स्वतः भाकरी घेऊन जायची, माझ्या हाती द्यायची नाही. भाकरी दगडावर ठेवायची, दहा पावलं मागे सरकून बसायची आणि अक्काचं जेवण होईपर्यंत तिच्याशी गप्पा मारायची. गावातलं सगळं सांगायची. मग उठून यायची. मला हे वेडेपणाचं वाटायचं. गप्पा मारायच्या तर जवळ बसून मारा, नाहीतर मारू नका. पण सासूचं तसं नव्हतं. तिला शास्त्राबाहेर जायचं नव्हतं आणि सुनेलाही सोडायचं नव्हतं.

अक्काला एवढंच पाहिजे होतं की घरात झोपावं, आणि महिन्यातून एका रविवारी प्रार्थनाघरात प्रभुभोजन असतं, एका पेल्यातून सगळे रस पितात, त्यात सगळ्यांबरोबर बसावं. दवाखान्यात ती दर महिन्याला बसत होती. तिथं सगळेच तसले होते, तिथं कोण कुणाला अडवणार. ती मला एकदा म्हणाली, "तिकडे मी आजारी होते तरी प्यायचे. इथं बरी होऊन आले तर बंद."

आमच्या मंडळीत पेला एकच. पांढऱ्या धातूचा, जुन्या मिशनरी साहेबांनी मागे ठेवलेला. मनुका भिजवून, उकळून, फडक्यातून गाळून त्याचा रस मी करायचे, आणि एक पातळ पोळी. पेला पुरुषांच्या बाजूनं निघायचा, मग बायकांच्या चटयांवरून हातोहात शेवटापर्यंत जायचा, आणि उरलेलं जामनेरहून येणारे पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, पिऊन टाकायचे. त्या पेल्याला अक्काचं तोंड लागणार म्हटल्यावर वस्तीत कुजबुज सुरू झाली. एक बाई तर मला पाणवठ्यावर म्हणाली, "तुझ्या घरात ठेव ना तिला. पेल्यात कशाला?" मी म्हणाले, "घरातही नाही ठेवलेली. खोपीत आहे. तू नको काळजी करू."

तर त्याच दिवसांत आमचं वाचन लेवीयपर्यंत आलं होतं. तेराव्या अध्यायाच्या दिवशी सासू एकदम सावरून बसली. तो अध्याय लांब, माझा घसा बसला. चट्टा कसा दिसतो, केस पांढरे झाले का, याजकानं, म्हणजे त्या काळच्या पुरोहितानं, कसं तपासायचं, आणि रोगी असेल तर त्यानं फाटके कपडे घालून, तोंड झाकून छावणीबाहेर एकटं राहायचं. संपलं तेव्हा सासू जेठांना म्हणाली, "आयकं? मी मनातलं सांगस का?"

जेठ ताट तसंच ठेवून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी दिवा लागला. मी पुस्तक उघडलं. जेठ म्हणाले, "आज नको. दुसरं काहीतरी वाच. स्तोत्र वाच."

"ओळीनं," सासू म्हणाली. "बठ्ठं. सोडायनं नही."

मी चौदावा अध्याय वाचू लागले. महारोगी बरा झाला तर काय करायचं, असा तो अध्याय. याजकानं छावणीबाहेर जायचं आणि त्याला बघायचं. मी पुढे सरकले तोच सासू म्हणाली, "थांब. परत वाच. कोण कोठे जास?"

मी परत वाचलं. "याजक. छावणीच्या बाहेर जातो."

"महारोगी येस का याजक जास?"

"याजक जातो, आत्याबाई. तेच लिहिलंय."

"वाच पुढे."

दोन जिवंत पक्षी. गंधसरूचं लाकूड, किरमिजी सूत, एजोब. वाहत्या पाण्यावर मातीच्या भांड्यात एक पक्षी मारायचा. दुसरा जिवंत पक्षी त्या रक्तात बुडवायचा, बऱ्या झालेल्या माणसावर रक्त शिंपडायचं, आणि जिवंत पक्ष्याला मोकळ्या रानात सोडून द्यायचं. मग त्या माणसानं कपडे धुवायचे, सगळे केस काढायचे, अंघोळ करायची. मग तो छावणीत येणार, पण आठवडाभर आपल्या तंबूबाहेरच. मग कोकरू, तेल आणि आणखी काय काय. गरीब असेल तर स्वस्तातलं कसं करायचं, तेही लिहिलेलं होतं. सासूनं ते वाक्य दोनदा वाचायला लावलं.

वाचन संपल्यावर तिनं दिव्याची वात खाली केली. मग म्हणाली, "मी इतला दिन आर्धंच आयकी ऱ्हायनू."

कुणाला वाटलं असतं की आता ती जाऊन सुनेला घरी आणेल. सासू तसली नव्हती. जे लिहिलंय ते लिहिलंय. सकाळी ती पहूरच्या बाजारात गेली आणि पाखरं धरून विकणाऱ्याकडून दोन होले घेऊन आली, पाय बांधलेले. मारवाड्याच्या दुकानातून लाल सुताची गुंडी आणली. कुंभाराकडून नवं गाडगं.

"गंधसरू म्हंजे काय?" तिनं मला विचारलं.

"मला नाही माहीत."

"आनी एजोब?"

"तेही नाही माहीत. झाडच असेल काहीतरी."

"मंग निंब घे. दोन्हीसाठे निंब."

जेठांच्या दाढीचा वस्तरा घेऊन ती खोपीवर गेली. मीही मागोमाग गेले, पाण्याची घागर घेऊन. गावचा न्हावी आमच्या वस्तीचं डोकं करत नसे, त्यामुळे वस्तरा चालवायला सासूच. आणि हे लक्षात घ्या की ती पहिल्यांदाच अक्काच्या इतक्या जवळ बसली होती. अक्काचं डोकं तिनं आपल्या मांडीवर घेतलं. डोकं भादरायला मांडीवर घ्यावंच लागतं. ते तिला आधी सुचलं होतं का नव्हतं, मला सांगता येणार नाही.

जेठ धावत आले तेव्हा अर्धं डोकं झालं होतं.

"मी मेलो का?" ते ओरडले. "जिवंत नवऱ्याच्या बायकोचं डोकं करता? लोक काय म्हणतील?"

"तू जिवंत शे म्हनीसन तर करी ऱ्हायनू," सासू म्हणाली. "तिले घरमा आनाले. बाजूले हो, उजेड सोड."

अक्का खालून म्हणाली, "करू द्या. त्या केसांत उवांशिवाय काही नव्हतं." आणि हसली. ती आल्यापासून पहिल्यांदा हसलेली मी ऐकली.

मग सासूनं जेठांना जामनेरला पिटाळलं, पाळकसाहेबांना आणायला. याजकानं बाहेर यायला पाहिजे होतं ना. जेठांनी तिथं जाऊन काय सांगितलं कोण जाणे, पण पाळक सायकल दामटत, घामानं भिजून आले. त्यांना वाटलं कुणीतरी मरायला टेकलंय. आले आणि बघतात तर खोपीसमोर बोडकी बाई, डाल्याखाली दोन होले, नवं गाडगं, निंबाच्या डहाळ्या, आणि विळा घेऊन बसलेली म्हातारी.

"माय, हे काय आहे?"

"लेवीय," सासू म्हणाली. "चौदावा."

पाळक तरुण होते, तिशी-बत्तिशीचे, शांत बोलणारे. ते सायकल बाभळीला टेकवून खाली बसले. ते तिला हसले नाहीत, याबद्दल मी त्यांना अजून मानते. त्यांनी नीट समजावून सांगितलं. म्हणाले, माय, तो माणूस या विधीनं बरा होत नव्हता. तो आधीच बरा झालेला असायचा. विधी होता तो त्याला परत आत घेण्यासाठी. आणि हे दोन पक्षी म्हणजे पुढे येणाऱ्या गोष्टीची सावली. एक मेला, आणि त्याचं रक्त पंखावर घेऊन दुसरा मोकळा उडाला. ख्रिस्त वेशीबाहेर जाऊन मेला, आणि आपण मोकळे झालो. ते एकदाच झालं, सगळ्यांसाठी झालं. आता पाखरू मारायची गरज नाही. प्रभूनं महारोग्याला आधी हात लावला, माय, आणि मग याजकाकडे पाठवलं.

सासूनं सगळं ऐकून घेतलं. विळा खाली ठेवला नाही.

"म्हंजे हिनासाठे बी व्हई गयं?"

"हो. हिच्यासाठीही झालं."

"नक्की?"

"नक्की, माय."

"मंग रविवारले पेला देशी तिले?"

पाळकांनी अक्काकडे बघितलं, मग जमिनीकडे. म्हणाले, "माझी ना नाही. पण मंडळी उठून जाईल. पंच माझ्याशी आधीच बोलून गेलेत. थोडा वेळ जाऊ द्या."

"मंग तू म्हनस ते काही व्हयनं नही," सासू म्हणाली. "सरक. माले पाखरू कापू दे."

आणि तिनं डालं उचललं. पाळकांनी पुढे होऊन तिचा हात धरला. त्या झटापटीत डालं उलटलं. एका होल्याची दोरी आधीच सुटलेली होती. तो फडफडत नदीकडे गेला. दुसरा तसाच बांधलेल्या पायांनी उडून बाभळीच्या खालच्या फांदीवर अडकला आणि तिथंच बसला.

मग पाळकांनी पिशवीतून आपलं शास्त्र काढलं आणि पुढचा भाग वाचला, जो आदल्या दिवशी मी वाचला होता आणि कुणीच धड ऐकला नव्हता. बऱ्या झालेल्या माणसाच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला आधी रक्त लावायचं आणि मग तेल. वाचता वाचता ते थांबले. म्हणाले, "असंच कान, हात आणि पायाला रक्त लावल्याचं याच पुस्तकात आधी एकदा आलंय. अहरोनाला आणि त्याच्या मुलांना. याजक करताना." आणि मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं, "महारोग्याला याजकासारखंच करायचं. मी हे शिकलो होतो. विसरलो होतो."

अक्कानं आपला उजवा हात वर केला. अंगठा आत वळलेला. "पाळकसाहेब, हा वाकडा आहे. आणि पायाचा तर नाहीच. कान तेवढा जरा जास्त आहे."

मी हसले. सासूही हसली. पाळकांना हसावं की नाही ते कळेना.

"तेल शे का?" सासूनं मला विचारलं. भाकरीबरोबर चटणीसाठी आणलेलं शेंगदाण्याचं तेल होतं, वाटीत. मी दिलं. पाळकांनी बोट बुडवलं. अक्काच्या कानाच्या जाड पाळीला लावलं, वळलेल्या अंगठ्याला लावलं, आणि पायाचा अंगठा जिथं असायला पाहिजे होता तिथल्या कातडीला लावलं. नंतर त्यांनी हात पायजम्याला पुसला. तेल होतं म्हणून पुसला असेल.

संध्याकाळी तो दुसरा होला बोक्यानं खाल्ला. बाभळीखाली पिसं पडलेली होती. सासूनं बघितलं आणि म्हणाली, "एक उडनं, एक मरनं. लिखेल शे तसंच व्हयनं."

अक्का त्याच दिवशी वस्तीत आली. पण आठवडाभर ओट्यावर झोपली, कारण तंबूबाहेर आठवडा लिहिलेला होता. सासू दाराच्या आत, उंबऱ्याला डोकं लावून झोपायची. वस्तीतल्या बायका अक्काचं बोडकं डोकं बघून जेठांना विचारायच्या, "भाऊ, तुम्ही जिवंत आहात ना?" जेठ आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. आठवडा झाला आणि अक्का घरात आली, चुलीपाशी बसली. त्याचा काही गाजावाजा झाला नाही. चहा केला, प्यायलो.

उरला तो पेला.

रविवारी प्रार्थनाघरात अक्का पदर घट्ट ओढून शेवटच्या चटईवर, दाराशी बसली. तिच्या आजूबाजूला चटई मोकळी. सासूची जागा वयामुळे बायकांच्या बाजूला पहिली, भिंतीला टेकून. बायकांत पेला तिच्या हाती सगळ्यात आधी यायचा. पाळकांनी याजक छावणीबाहेर जातो यावर सांगितलं. चांगलं सांगितलं. तेवढ्यात पंचांपैकी एक उठले, वयस्कर माणूस, वाईट नव्हते. हात जोडून म्हणाले, "पाळकसाहेब, आमचं एवढंच म्हणणं आहे, तिला द्या, पण वेगळ्या वाटीत द्या. वाटी मी घरून आणलीय."

पाळकांचं तोंड उघडायच्या आत सासू बोलली.

"येगळी कपबशी आपले गावना हॉटेलमा शे ना, नाना. खिळाले टांगेल. तीच पाहिजे तर तठे जाय. आठे कशाले उना?"

नाना तसेच उभे राहिले. वाटी त्यांच्या हातात होती. मग ते खाली बसले आणि वाटी धोतराखाली सरकवली.

सासू भिंतीचा आधार घेऊन उठली. गुडघे दुखायचे तिचे, उठायला वेळ लागायचा. ती आपली पहिली जागा सोडून चटयांच्या कडेनं चालत गेली, अक्काच्या पलीकडे, अगदी दाराच्या उंबऱ्याला लागून बसली. म्हणजे पेला अक्काकडून तिच्याकडे येणार होता.

पेला निघाला. कुणी उठून गेलं नाही. दोन-तीन बायकांनी तोंड न लावता पुढे दिला, हे मी पाहिलं. अक्का तर त्यांच्या आधी प्यायलीही नव्हती, तरी. मग अक्काकडे आला. तिनं दोन्ही तळव्यांत धरला, बोटांनी धरता येत नव्हता. प्यायली. सासूनं तिच्या हातातून घेतला, जिथं अक्काचं तोंड लागलं होतं तिथंच तोंड लावलं, मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असं. तळाला थोडं ठेवलं आणि पेला उंच धरला. पाळक दारापर्यंत चालत आले आणि उरलेलं पिऊन टाकलं. यावेळी त्यांनी काही पुसलं नाही.

पुढच्या महिन्यात बायकांच्या बाजूची पहिली जागा रिकामी राहिली. सासू परत तिथं बसलीच नाही. तिच्या नंतर ज्येष्ठ होती ती बाई बसेना, आणि तिच्या नंतरचीही. सासू मरेपर्यंत दाराशीच बसली. थंडीच्या दिवसांत तिथं वारा लागायचा, म्हणून मी तिला घोंगडी द्यायचे.

ती गेल्यावर तिच्या जागी मी बसू लागले. मोठी भक्ती होती म्हणून नाही. कुणीतरी बसायला पाहिजे होतं, आणि रस मीच करायचे, मला पेला धुवायला तिथून जवळ पडायचं. पुढे कितीतरी वर्षं पेला मला अक्काच्याच हातून मिळाला. ती तळव्यांत धरून द्यायची आणि दर वेळी थोडा रस माझ्या लुगड्यावर सांडायचा. मनुकांचा डाग सोड्यानंही निघत नाही. मी दर वेळी दबक्या आवाजात म्हणायचे, "अक्का, नीट धर ना गं."

आणि ती डोळे मिटलेलेच ठेवून, प्रार्थना चालू असताना, म्हणायची, "तू बोटं दे, मी नीट धरते."